एमएस आणि व्हीईपीचा रिपोर्ट: सुरुवातीला एवढंच बघा

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार; व्हीईपी म्हणजे डोळ्यांकडून मेंदूपर्यंत संदेश पोचायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी. तिचा आकड्यांनी भरलेला कागद बघून बिचकू नका. आधी वर चाचणीचं नाव वाचा. एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ती चाचणी) असेल, तर ती हातापायांच्या नसांची. एमएसचा मारा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांमागच्या नसांवर असतो, म्हणून एनसीव्ही बहुधा नॉर्मलच येते. त्यावरून "एमएस नाहीच" असं ठरवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

व्हीईपीत सध्या दोनच गोष्टी पाहा:

- पी१०० ची लेटन्सी. पी१०० म्हणजे पडद्यावरच्या चौकटी बघताना मेंदूत उमटणारी लाट, लेटन्सी म्हणजे ती उमटायला लागलेला वेळ. साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपास. मर्यादा त्याच लॅबची धरा, दुसऱ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवू नका.
- डाव्या-उजव्या डोळ्यातला फरक. दोन्ही आकडे मर्यादेत असूनही फरक जास्त असेल, तर डॉक्टरांना विचारा.

मायलिन (नसांवरचं आवरण) खराब झालं की संदेश उशिरा पोचतो. नजर सुधारली तरी हा उशीर बरेचदा तसाच राहतो; लेटन्सीचा जुना १३० चा आकडा पुन्हा दिसला म्हणजे नवा अटॅक आला असं नाही.

चाचणीला केस धुऊन, तेल न लावता जा. आणि चष्मा! तो विसरलात तर पडद्यावरच्या चौकटी धूसर दिसतात नि आकडा उगाच बिघडतो.

अ‍ॅम्प्लिट्यूड (लाटेची उंची), एसएसईपी (हातापायांकडून मेंदूपर्यंत जाणाऱ्या संदेशाची चाचणी) नंतर बघू. रिपोर्ट एमआरआयच्या फाइलमध्येच लावा, न्यूरॉलॉजिस्ट दोन्ही एकत्र वाचतात.