झाड न काढता 'औदुंबर'

प्रश्न : बालकवींच्या 'औदुंबर'वर अ‍ॅक्रिलिकमध्ये अमूर्त चित्र करतेय. दर वेळी झाड आणि झराच उमटतात, रंगही मातकट होतात. काय चुकतंय?

उत्तर : कविता मोठ्यानं वाचा आणि वस्तू सोडून फक्त रंग व हालचाल टिपा. हिरवा दाटत जातो, पांढरी वाट त्यातून आडवीतिडवी काळ्या डोहाकडे जाते. तुमची रचना इथेच तयार आहे! झाड काढूच नका. त्याचं निवांत बसणं हवंय. त्यासाठी तळाशी एकच जड, स्थिर आकार पुरे.

12 बाय 16 इंची कॅनव्हासला जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या. वाटेच्या जागी हातानं फाडलेला मास्किंग टेप चिकटवून कडांवर पारदर्शक मॅट मीडियम (रंग नसलेलं, चमक नसलेलं अ‍ॅक्रिलिक द्रव्य) फिरवा, नाहीतर हिरवा आत झिरपतो. हिरवा वाळला की टेप हळूच, मागे दुमडत काढा.

खरा वेळ डोहाला द्या. ट्यूबमधला काळा सपाट दिसतो. अल्ट्रामरीन (गडद निळा) दोन भाग, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) एक भाग असा काळा बनवा. त्याच्या एका भागात पाच भाग ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं द्रव्य) घालून चार-पाच पातळ थर द्या. खालचा हिरवा त्यातून किंचित दिसत राहतो. कवितेतला 'गोड काळिमा' तो हाच. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. ओल्या हिरव्यावर हा काळा फिरवला की चिखल होतो. तुमचा मातकटपणा बहुधा त्यातलाच. आणि पातळ करायला नुसतं पाणी ओतू नका. बाइंडर, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा घटक, विरळ होऊन रंगाची पकड जाते.