सम कुठंय, ते सांग

अगं,

तुझा ट्रॅक ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये ऐकला, घरी मॉनिटर स्पीकरवर पुन्हा ऐकला. सोबतचा मेसेज मात्र ट्रॅकपेक्षा लांब! तू विचारतेस, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रकारांपैकी हे आयडीएम, ग्लिच की अँबियंट? आणि आईचं डोकं दुखलं, म्हणजे फार अवघड झालंय का?

नावाचं लगेच संपवतो. चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३ हा बेस सिंथ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन राग वाजवले, तेव्हा 'अ‍ॅसिड हाउस' हे नृत्यसंगीताच्या प्रकाराचं नावच नव्हतं. २०१० साली ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि लोकांनी तिला ते लेबल चिकटवलं. अपलोड करताना रकाना भरावाच लागतो ना? 'इलेक्ट्रॉनिक' टाक आणि कामाला लाग.

मला विचारायचंय ते वेगळंच. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठंय?

सातचं आवर्तन तू अकरावर चढवलंस. दोन्ही एकत्र यायला ७७ मात्रा लागतात. एवढा घाट घातलास आणि ती भेट होते तिथं काहीच नाही! ठोका नाही, शांतता नाही, वर नुसता ग्रॅन्युलर डिले, आवाजाचे बारीक तुकडे करून घुमवणारा इफेक्ट. प्लगइन सॉफ्टवेअरच्या रँडम बटणानं केलेली गुंतागुंत तुझी नव्हे गं.

१९९४ साली ब्रिटनमध्ये रेव्ह पार्ट्या रोखायला कायदा येत होता. त्यात 'एकापाठोपाठ पुन्हापुन्हा येणारे ठोके' अशी भाषा होती. ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक जोडीनं मग 'फ्लटर' हा ट्रॅक असा रचला, की कुठल्याच दोन बारमधले ठोके सारखे नाहीत. ऐक नीट. वर सिंथचे सूर संथ फिरतात, कान तिथं टेकतो, म्हणून खालची धावपळ सोसवते. सम लपव, चुकव, अर्ध्या मात्रेनं ढकल. पण ती कुठंय हे तुला ठाऊक हवं. गडकरी रंगायतनात तबल्याची चक्रदार, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारी रचना, संपते तेव्हा ताल न कळणाऱ्यांच्याही माना हलतातच की.

आईसाठी सोपं कर, असं मी म्हणणार नाही. मला जन्मभर तेच ऐकवलं. 'ड्रॉप कुठंय?' म्हणजे ताण वाढवत नेऊन ठोका दणक्यात कोसळतो ती जागा. मी घातला नाही, काम गेलं. मालिकांच्या पार्श्वसंगीतावर घर चाललं, माझे ट्रॅक हार्ड डिस्कवर राहिले. रडगाणं नाही हे. बरं, थोडं आहे. पण त्यातल्या प्रत्येकाची सम मी आजही टाळी देऊन दाखवीन, आणि ड्रॉप मागणाऱ्यांपैकी एकालाही ते जमणार नाही.

रविवारी ये. त्याआधी सगळे रँडम बंद कर आणि हातावर ताल धरून अख्खा ट्रॅक तोंडानं म्हणायला शीक. अडलीस तर जॉनरचा विषयही काढायचा नाही.