सकाळचा पहिला सेल

जुन्या डिझेल गाड्या : वाचकांचे प्रश्न, पंप-नोझल मिस्त्रीची उत्तरं

दिवाळी सरली की नाशिकात द्वारकेजवळच्या माझ्या दुकानात सकाळी आठच्या आत फोन वाजायला लागतात. "काका, गाडी उठत नाही." या महिन्याच्या पत्रांतही तेच गाऱ्हाणं आहे, म्हणून त्यातली चार पत्रं एकत्र घेतली आहेत. चौघांनाही कुणी ना कुणी "पंप गेला" असं सांगून टाकलंय. पंप म्हणजे नोझलला दाबाने डिझेल पोचवणारा पंप. मी एकतीस वर्षं तोच दुरुस्त करतोय, पंप उतरला की माझी चूल पेटते. तरी पत्रं वाचून सांगतो, या चारांत एकाचाच पंप मला संशयास्पद वाटतोय.

काका, माझी १९९७ ची कमांडर जीप आहे, प्यूजो इंजिन. पहाटे बागेवर मजूर न्यायचे असतात तेव्हा पाच-सहा वेळा सेल मारावा लागतो. मागून पांढरा धूर निघतो, डोळे झोंबतात. दुपारी अर्ध्या सेलवर सुरू होते. बॅटरी नवी घातली. आता पंप करून घेऊ का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

दादा, इतक्यात पंपाला कुणाला हात लावू देऊ नका. डोळे झोंबणारा तो पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. याचा अर्थ डिझेल टाकीतून निघालं, फिल्टरमधून पंपात आलं आणि नोझलमधून इंजिनातही पडलं. फक्त पेटलं नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, तुमच्यासारख्या जुन्या इंजिनात वीस-बावीस पट, आणि त्या दाबानेच हवा एवढी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं. पण तुमच्या शेजारच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर येतो, त्या पहाटे इंजिनाचं लोखंड गारठलेलं असतं आणि हवेची उष्णता तेच शोषून घेतं. यासाठीच या इंजिनाला चार हीटर प्लग दिलेत. त्यातले दोन मेले तरी दुपारी कळत नाही, पहाटे बरोबर कळतं.

तपासणी घरी होते. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. आधी चारही प्लगांच्या डोक्यावरून जाणारी पट्टी सोडवून बाजूला करा. बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला लावा. बल्ब लागला तर प्लगची तार शाबूत आहे, नाही लागला तर तो प्लग गेला. मग पट्टी पुन्हा बसवा, चावी हीटरवर ठेवा आणि तोच बल्ब पट्टी व इंजिनाच्या उघड्या लोखंडात धरा. इथे लागला नाही तर प्लगपर्यंत करंटच येत नाही; रिले, फ्यूज, वायर बघा. प्लग बदलायचे तर चारही एकदम बदला, आणि त्याच इंजिनाचे, त्याच व्होल्टचे घ्या. जुन्या पद्धतीच्या प्लगला तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात. पुष्कळ जण पाच मोजतात आणि सेल मारतात.

बॅटरी नवी आहे म्हणता, पण तिचा करंट स्टार्टरपर्यंत पोचतोय का? सेलचा आवाज ऐका. ओढत, रडत फिरत असेल तर हवा नीट दाबलीच जात नाही. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा स्टार्टर तपासायला हवा. त्यानंतर मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनाच्या लोखंडावर ठेवा आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. इंजिनापासून चेसिसला जाणारी ती विणलेली तांब्याची पट्टी बहुतेक जण कधी बघतही नाहीत. मागच्या थंडीत एका जीपची मी काढली तेव्हा वरून ऑइलने काळी, चांगली जाड दिसत होती. बोटांनी चोळली तर आतले धागे हिरवे होऊन भुकटीसारखे गळाले. नवी पट्टी टाकल्यावर स्टार्टरचा आवाजच बदलला.

आणखी एक. शेतावर ड्रममध्ये उन्हाळ्यातलं डिझेल साठवलेलं असेल तर ते आता जीपमध्ये घालू नका. थंडीत डिझेलमधलं मेण धरून फिल्टर तुंबतो. उन्हाळी डिझेलने १८ अंशांवर फिल्टर तुंबवायला सुरुवात केली तरी ते नियमात बसतं, हिवाळी डिझेलने मात्र ६ अंशांपर्यंत तग धरायला हवा. निफाडची पहाट तुम्हाला माहीतच आहे.

आमची २००६ ची पिकअप भाजी घेऊन दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात जाते. घर चढावर आहे. रात्री तोंड वर करून लावली तर पहाटे दहा-दहा सेल मारावे लागतात आणि धूर अजिबात येत नाही. एकदा सुरू झाली की दिवसभर काही नाही. सपाटीला लावली तर बरी असते. मिस्त्रीने दोनदा पंप उघडला, फरक नाही.
– एक गृहिणी, इगतपुरी तालुका

ताई, निम्मं काम तुम्हीच केलंय. चढ-सपाटीचा फरक लिहिलात म्हणून मला गाडी न बघता बोलता येतंय. सेल फिरतोय आणि धूर नाही, म्हणजे इंजिनात डिझेल पोचतच नाही. ते रात्रभरात मागे टाकीत उतरलंय. तोंड वर असलं की इंजिन टाकीपेक्षा उंच होतं. कुठूनतरी हवा शिरली की पाइपातलं डिझेल उताराने परत जातं. आम्ही म्हणतो, गाडी एअर घेते.

गंमत अशी की अशा ठिकाणी थेंबभरही डिझेल गळताना दिसत नाही. टाकीतून डिझेल ओढायला वेगळा छोटा फीड पंप असतो. टाकीपासून त्याच्यापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे ते बाहेर येत नाही, हवा आत जाते. फडकं फिरवून ओल शोधणारा मिस्त्री म्हणूनच हात हलवत परत येतो आणि पंपावर बोट ठेवतो.

उद्या पहाटे सेल मारण्याआधी मुलाला बोनेट उघडायला सांगा. फिल्टरजवळच्या हँड पंपाने वीस-पंचवीस दाबे मारायचे. सुरुवातीला तो पोकळ लागेल, मग घट्ट होत जाईल. घट्ट झाल्यावर सेल मारा. पहिल्या-दुसऱ्यात उठली तर पंप, नोझल, कॉम्प्रेशन या सगळ्यांची सुटका झाली, असं समजा.

मग हवेची जागा शोधायची. फिल्टर आणि पंपाच्या मधला रबरी पाइप काढून तिथे डिझेलला चालणारा फूटभर पारदर्शक पाइप लावा आणि रात्री गाडी चढावरच उभी करा. सकाळी चावी न लावता टॉर्चच्या उजेडात बघा. पाइप अर्धा रिकामा दिसला तर चोर सापडला, फक्त घर कळायचं राहिलं. दुसऱ्या रात्री टाकीकडून येणारा पाइप बंद करून ठेवा आणि पाच लिटरचा डबा पंपापेक्षा उंच नीट बांधून गाडी त्या डब्यावर जोडा. पहाटे एका सेलमध्ये उठली तर दोष टाकी आणि फीड पंपाच्या दरम्यान आहे. नाही उठली तर फिल्टरच्या वरच्या बोल्टखालचे तांब्याचे वायसर, हँड पंपाचं रबर आणि फिल्टरच्या डोक्याची रिंग बघा. काढलेला तांब्याचा वायसर परत लावू नका; एकदा दबला की तो पुन्हा नीट बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी घोटीकडची एक गाडी माझ्याकडे आली. दुसऱ्या एका गॅरेजात तिचा पंप दोनदा उघडलेला, मालकाचे कांद्याचे पैसे त्यात गेलेले. मी डबा टांगला, सकाळी गाडी पहिल्या सेलला उठली. मग टाकीच्या डोक्यावरचा सहा इंची रबरी पाइप काढला. वरून गुळगुळीत होता. दोन बोटांत धरून वाकवला तेव्हा क्लिपने कापलेली नखाएवढी चीर तोंड उघडायची, सोडला की मिटायची. नव्वद रुपयांचा पाइप लागला. त्या मालकाचा चेहरा मला अजून दिसतो, म्हणून तुमचं पत्र मोठ्या उत्तराला घेतलं.

कुणी म्हणेल पाइपात वन-वे व्हॉल्व्ह बसवून टाका. बसवू नका. चीर तिथेच राहते, गाडी हवा घेतच राहते, आणि एक दिवस कसाऱ्याच्या घाटात बंद पडते. पावसाळा संपला की फिल्टरखालचा स्क्रू सोडून साचलेलं पाणीही काढत जा, तुमच्याकडे पाऊस फार.

कांदा घेऊन लासलगावला जातो. सकाळी एका सेलवर सुरू. काट्यावर वजनाला बंद केली की अर्धा तास उठत नाही, मागे रांग लागते. गाडी २००१ ची, रोटरी पंप.
– एक गाडीमालक, चांदवड

भाऊ, तुमची तक्रार उलटी आहे आणि इथे मात्र पंपावर संशय घ्यावा लागतो. पंपाचं हेड आणि रोटर, म्हणजे डिझेलला दाब देणारे आतले भाग, झिजले की थंडीत जाड डिझेल निभावून नेतं. गरम झाल्यावर डिझेल पातळ होतं, सेलच्या मंद फिरण्यात ते फटीतूनच निसटतं आणि नोझलपर्यंत दाब बनत नाही.

खात्री करून घ्या. गरम गाडी बंद पडली आणि उठत नसली की जाड फडकं पाण्यात भिजवून, पिळून, पंपाभोवती गुंडाळा. चार-पाच मिनिटं थांबा, पुन्हा ओलं करा, मग सेल मारा. सुरू झाली तर हेड-रोटर झिजलंय. बादलीने पाणी ओतू नका आणि चालू इंजिनावर तर मुळीच नको, पंप जाम होईल. मात्र याआधी एक बघा: चावी ऑन केल्यावर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका, "टक्" वाजतो का. गरम झाल्यावर तो धरत नसेल तर काम पुष्कळ स्वस्तात होईल. पंप उघडायची वेळ आलीच तर नोझलही सोबत द्या, आणि झिजलेलं हेड-रोटर स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच नवं घालायला सांगा.

शेजारी एअर फिल्टर काढून पेट्रोलचा बोळा धरतो, माझी जुनी सुमो लगेच उठते. पंप करायचे पैसे वाचतात. चालेल ना?
– एक कामगार, सातपूर

नाही चालणार. हीटर प्लग तापलेले असताना पेट्रोलची वाफ आत गेली की ती वेळेआधी पेटते, पिस्टन वर येत असतानाच दणका बसतो. रिंगा तुटतात, पिस्टनला चीर जाते. मॅनिफोल्डमधून उलटी झळ आली तर बोळा धरणाऱ्याचा हात आणि तोंड समोरच असतं. भाजलेला हात घेऊन आलेला पोरगा मी पाहिलाय. स्टार्टिंग स्प्रेचंही तेच. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा सल्ला मिळाला तर तोही ऐकू नका. पंपाच्या आतले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. कुणी नोझलचा पाइप ढिला करून डिझेल येतं का बघत असेल तर त्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका, तो कातडीतून आत घुसतो.

तुमचा दोष पत्रावरून मला सांगता येणार नाही. धुराचा रंग लिहिलेला नाही, आणि गाडी माझ्यापर्यंत येईस्तोवर गरम झालेली असते. संध्याकाळी आणून दुकानासमोर लावा, बोनेट गार होऊ द्या, रात्रभर तिथेच राहू द्या. सकाळी मी साडेसातला येतो. तोवर चावी लावू नका.