तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्या लेखनात आई आणि जेवण सारखं एकत्र का येतं?

कारण त्यांच्या कोरडवाहू मुलखात शेत, गोठा आणि चूल तिन्ही आईच्याच गळ्यात. मुरुगन यांचा जन्म १९६६चा, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडजवळच्या शेतकरी घरातला. या कोंगू पट्ट्यात, म्हणजे पश्चिम तमिळनाडूत, तेव्हा रोज बाजरी-ज्वारी-नाचणी, भाताचं अप्रूप सणासुदीला. तिथलं बाजरीचं 'कूळ' बघा: भरड शिजवायची, गोळे रात्रभर पाण्यात ठेवायचे, सकाळी ताक-मीठ घालून हातानं कालवायचे. तोंडी लावायला छोटा कांदा नाहीतर हिरवी मिरची. आपल्या आंबिलीची मावसबहीणच! पहाटे रानात जाणारी बाई उद्याच्या न्याहारीची सोय आदल्या रात्रीच करून ठेवते. मुरुगन यांनी आईवर स्वतंत्र लेखसंग्रहही लिहिलाय. त्यातही मला मायेच्या कौतुकापेक्षा तिचे कष्ट नि काटकसरच जास्त भिडली.