गाळा सगळ्यात शेवटी

प्रश्न : आम्ही मूळचे जळगावचे, बरीच वर्षं धायरीत राहतो. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून दोन वर्षांपासून कल्याणीनगरच्या एका मोठ्या हॉटेलात कॉमी, म्हणजे शिकाऊ आचारी आहे. आता नोकरी सोडून कर्वेनगरला खानदेशी जेवणाचं हॉटेल काढायचं म्हणतो. गाळा पाहून ठेवलाय. भाडं महिना 45 हजार, डिपॉझिट 3 लाख. मी यंदा निवृत्त होतोय. पीएफमधले 12 लाख त्याला द्यावेत का? त्याच्या आईच्या हातच्या भरिताचं सगळेच कौतुक करतात.
– एक वडील, धायरी

सप्रेम नमस्कार,

देऊ नका. निदान आत्ता नको, आणि गाळ्यासाठी तर नकोच. चिरंजीवांची कल्पना मात्र मोडीत काढू नका, त्यात दम आहे. पुण्यात एकेका पदार्थावर नाव झालेली दुकानं काही कमी नाहीत. चितळ्यांची बाकरवडी, कयानीची श्रूसबेरी बिस्किटं, सुजाताची मस्तानी ही चटकन आठवणारी. शिवाय शिकायला आणि नोकरीला आलेली खानदेशी मुलं इथे ढिगाने आहेत. त्यांना गावाकडच्या चवीचं जेवण हवंच असतं.

आधी गाळ्याचा हिशेब पाहू. महिन्याचे 26 दिवस हॉटेल उघडं राहिलं, तर रोजचं नुसतं भाडं साधारण 1,730 रुपये पडतं. माल आणि पॅकिंग वजा जाता एका ताटामागे 60 रुपये सुटतात असं धरलं, तर रोजची पहिली 29 ताटं घरमालकाची. आचारी, भांडीवाल्या मावशी, वीज, गॅस हे सगळं त्यानंतर. पावसाळ्यातल्या मंगळवारी 29 ताटं कोण नेणार, हा प्रश्न मुलाला विचारा. उत्तर नावांनिशी आलं पाहिजे. ‘येतील की लोक’ हे उत्तर मी खूप घरांत ऐकलंय.

पावसाळा मुद्दाम काढला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते मोठं, हिरवट, कमी बियांचं वांगं खरं हिवाळ्याचं. काड्यांच्या जाळावर भाजून, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचून केलेलं भरीत जुलैत बाजारच्या जांभळ्या वांग्याचं करून विकलं, तर पहिला तक्रार करणारा जळगावचाच माणूस असेल. म्हणून वर्षभराच्या पदार्थांत शेवभाजी, वरण-बट्टी हवी आणि भरीत हंगामापुरतं ठेवावं. आणखी एक अडचण. भरीत डब्यात छान राहतं, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पुरी मात्र अर्ध्या तासात वातड होते. अ‍ॅपवरून घरपोच पाठवायचं असेल तर पुरीऐवजी भाकरी द्यायची की आणखी काही, हे घरीच डबे बांधून, तासाभराने उघडून, खाऊन ठरवावं लागेल. यात फार तर दोन रविवार जातील. गाळा घेतल्यावर हेच शिकायला बसलात, तर प्रत्येक चुकीवर भाडं चढतं.

तेव्हा या हिवाळ्यात त्याने नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी आगाऊ ऑर्डरी घ्याव्यात. घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान उलाढालीला परवान्याची गरज नाही, नोंदणी पुरते. तिचा 14 आकडी क्रमांक मिळतो. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. सुरुवातीला याकडे बरेच जण कानाडोळा करतात. तुम्ही करू नका.

नोकरीबद्दलही थोडं. कॉमीचं काम म्हणजे दिवसभर कांदा चिरणं, अशी त्याची कुरकुर असेल. त्याने शेफना भेटून सहा महिने स्टोअर आणि खरेदीत बदली मागावी. एक किलो वांगं भाजून-सोलून किती उरतं, तेल कितव्या घाण्याला बदलायचं, रात्री उरलेल्या मालाचं काय होतं, हे तिथे कळतं. कॉलेजात फूड कॉस्टिंग शिकलाच असेल, पण आईच्या भरिताची ग्रॅममध्ये मांडलेली रेसिपी त्याच्याकडे आहे का? नसेल, तर विकायला अजून पदार्थच तयार नाही. ‘अंदाजाने’ टाकलेल्या मिरच्या चार माणसांच्या पंगतीत खपून जातात, चाळीस ताटांत रोज वेगळी चव लागते.

कळण्याचं पीठ, खानदेशी मसाला, शेव असं पाकीटबंद काही करायचं झालं, तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या पंतप्रधान योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं आणि प्रक्रिया उद्योगासाठी असतं, हॉटेलच्या फर्निचरसाठी नाही. सध्याची स्थिती जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. वहिनी बचत गटात असतील तर आणखी एक वाट आहे. डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते, तिथे बचत गटांच्या बायकांच्या खाद्यपदार्थांना गर्दी असते. हंगामही नेमका भरिताचा. तिथल्या एका स्टॉलवर पुणेकर काय विचारतो, किती तिखट सोसतो आणि कितीला ‘महाग आहे’ म्हणतो, हे जेवढं समजेल तेवढं कुठल्या सल्लागाराकडून समजणार नाही. माझ्याकडूनही नाही.

पैशाचं म्हणाल, तर पहिल्या हिवाळ्यासाठी 1 लाख द्या, कागद करून, उसने म्हणून. उरलेल्या रकमेला हात लावू नका. एप्रिलमध्ये हिशेबाची वही घेऊन बसा. प्रत्येक ताटामागे आईच्या मजुरीचे पैसे धरल्यावरही काही उरत असेल, तर गाळ्याचं बोलू. तेव्हाही नुसता अकरा महिन्यांचा करार करू नका. आतल्या कामावर खर्च तुमचा होणार, म्हणून मालकाला निदान तीन वर्षं गाळा काढून घेता येणार नाही असं लिहून घ्या आणि स्वयंपाकघराच्या धुराड्याला सोसायटीची लेखी परवानगी आहे का ते बघा.

मजुरीचं मुद्दाम लिहिलं. सगळा धंदा ज्या हातांवर उभा राहायचाय, त्या वहिनींना रोज पहाटे पाचला वांगी भाजायची आहेत का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्यांना विचारून मला कळवा.