एका हंगामात दोनदा जळालेली १० एचपीची मोटर: दोष लाइनचा, मोटरचा की स्टार्टरचा?

राम राम. तुमचा प्रश्न नीट वाचला. मागून येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: नदीवर १० एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच अंगात), वर पेटीत स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत उठवून मग डेल्टा जोडणीत चालवणारा), तिथून सहा वायरी खाली मोटरपर्यंत. एका हंगामात दोनदा जळाली. वाइंडर (मोटर भरणारा) म्हणतो व्होल्टेज कमी आहे, लाइनमन म्हणतो मोटरच बाद झालीय, दुकानदार म्हणतो व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बसवा म्हणजे कटकट मिटेल. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) मोटरच्या प्लेटवर आहे तेवढा, म्हणजे १५ अँपिअरवर लावलाय आणि तो एकदाही पडला नाही. शिवाय करंट सिग्नेचरचा (मोटरच्या करंटमधल्या बारीक खुणांवरून दोष ओळखायच्या पद्धतीचा) व्हिडिओ पाहून तुम्ही विचारलंय, त्यानं दोष आधी कळेल का.

मोटर अजून वाइंडरकडे उघडी पडली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आजच तिकडे जा. जुनं वाइंडिंग कापून काढायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. जळालेलं वाइंडिंग हाच खरा पंचनामा. लाइनमन आणि वाइंडर एकमेकांकडे बोट दाखवणारच, पण तांबं कुठे काळं पडलं आणि कुठे नाही, यात कोणाची भीड नसते.

काय बघायचं ते सांगतो. तुमची मोटर मिनिटाला २८८० फेऱ्यांची, म्हणजे दोन पोलची (दोन चुंबकीय ध्रुवांची). बहुतेक वाइंडिंगमध्ये प्रत्येक फेजचे दोन गट समोरासमोर असतात, एकूण सहा गट. मोटर चालताना डेल्टात असते. लाइनचा एक फेज गेला की डेल्टातलं एक वाइंडिंग उरलेल्या दोन फेजच्या थेट मध्ये सापडतं आणि बाकीची दोन एकामागे एक जोडली जाऊन अर्धाच करंट घेतात. पूर्ण लोडवर त्या एकट्या वाइंडिंगमधून नेहमीच्या दुप्पट करंट जातो. तेव्हा समोरासमोरचे दोन गट कोळसा आणि बाकीचे चार बऱ्यापैकी शाबूत असं दिसलं, तर लाइनचा फेज गेला होता असं धरून चाला.

उलट चार गट काळे आणि दोन स्वच्छ दिसले तर? बरेच वायरमन यालाही 'फेज गेला' म्हणून सोडून देतात. स्टारमध्ये चालणाऱ्या छोट्या मोटरला ते बरोबर आहे. पण स्टार-डेल्टाच्या मोटरमध्ये याचा अर्थ वेगळा निघतो. डेल्टात एक वाइंडिंग पूर्णपणे तुटलं आणि उरलेल्या दोघांनी सगळा भार ओढला. हे कधी होतं? कॉन्टॅक्टरचा (स्टार्टरमधल्या चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) एक पोल, म्हणजे एका फेजचा संपर्क जळाला, किंवा नदीकडे जाणाऱ्या सहापैकी एक वायर लगपाशी (टोकाच्या कडीपाशी) सैल झाली की. लाइन ठणठणीत असते, लाइनमन खरं बोलत असतो, आणि मोटर तरी जळते. नदीकाठची पेटी, ओल, मुंग्या, लगवर हिरवी बुरशी हे सगळं जमून आलेलं असतं, त्यामुळे माझा पहिला संशय इथेच जातो.

सगळे गट सारखेच काळे असतील तर ओव्हरलोड, रोटर जाम, फार कमी व्होल्टेज, किंवा टायमर अडकून मोटर स्टारमध्येच राहिली. स्टारमध्ये टॉर्क (फिरवायची ताकद) एक तृतीयांशच मिळतो, त्यामुळे पाणी चढत असताना मोटर तशीच राहिली तर घुसमटते आणि तिन्ही वाइंडिंग सारखी भाजतात. आणि एकाच ठिकाणी तांब्याचा वितळलेला मणी, बाकी वाइंडिंग नवं कोरं, असं असेल तर तो आतला टर्न-टू-टर्न शॉर्ट, म्हणजे शेजारशेजारच्या वेढ्यांमधला. तिथे लाइनला दोष देऊ नका. वायर भरताना इनॅमल सोललं गेलं, किंवा वार्निश नीट भाजलं नाही.

आता तुमचा रिले. माझ्या मते सगळ्यात मोठी गोम इथेच आहे. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड बहुतेक वेळा मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असतो, म्हणजे तो लाइनचा करंट बघत नाही, वाइंडिंगमधला बघतो. डेल्टात वाइंडिंगचा करंट लाइनच्या ५८ टक्के असतो. प्लेटवर १५ अँपिअर असेल तर रिले १५ × ०.५८ म्हणजे साधारण ८.७ वर हवा. तुम्ही १५ वर ठेवलाय, म्हणजे लाइनमधून २६ अँपिअर ओढले जाईपर्यंत तो हलणार नाही. तो कधीच पडला नाही याचं कौतुक नको. एकदा पेटी उघडून बघा: येणारी लाइन मेन आणि डेल्टा कॉन्टॅक्टरला वाटली जायच्या आधी रिले बसलाय की नंतर? आधी असेल तर १५ बरोबर. नंतर असेल तर ८.७. एवढा फरक कळायला स्क्रू-ड्रायव्हर आणि पाच मिनिटं पुरतात.

रिले नीट लावला तरी फेज जाण्यापासून तो पूर्ण वाचवेलच असं नाही. मोटरवर लोड कमी असेल तर एक फेज जाऊनही लाइनचा करंट प्लेटवरच्या आकड्याइतकाच राहू शकतो, आणि तेव्हा त्या एका वाइंडिंगमधून मात्र नेहमीपेक्षा साधारण १५ टक्के जास्त जात असतो. जुना साधा रिले अशा वेळी गप्प बसतो. नवीन रिलेत तिन्ही पट्ट्यांमधला फरक ओळखणारी रचना असते, तो लवकर पडतो.

चालू मोटरचा फेज गेला की आणखी एक गंमत होते. मोटर थांबत नाही. रोटर फिरत असतो, त्याचं चुंबकत्व त्या मेलेल्या फेजमध्ये स्वतःच व्होल्टेज तयार करतं. वायरमन येतो, टेस्टर लावतो, तिन्ही ठिकाणी लागतो. 'लाइट तर आहे की' म्हणून निघून जातो. फक्त व्होल्टेज बघणारे स्वस्त प्रिव्हेंटरही (फेज गेला की मोटर बंद करणारे) असेच फसतात. म्हणून टोंग टेस्टरला (वायरीला कवेत घेऊन करंट मोजणाऱ्या मीटरला) पर्याय नाही. व्होल्टेज खोटं बोलू शकतं, पण ज्या वायरीत करंट शून्य आहे तिथे शून्यच दिसणार.

डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) डीओ, म्हणजे ११ केव्हीकडचा फ्यूज, उडाला की तर अजूनच विचित्र होतं. ११ केव्हीकडचा एक फेज गेला तरी आपल्याकडे एक फेज पूर्ण येतो आणि दोन अर्धे. घरातला एक बल्ब झगझगीत आणि दोन मिणमिणते, ते हेच. फेज-टू-फेज मोजलं तर दोन ठिकाणी ३६० च्या आसपास आणि एका ठिकाणी जवळपास शून्य. डीपीवर मोटरी चालू असतील तर हे आकडे सरकतात. तुमच्या स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल (व्होल्टेज गेलं की स्टार्टर सोडणारी) नेमकी त्या ३६० वाल्या जोडीवर असेल तर ती सुटतच नाही, आणि मोटर गुरगुरत राहते. रात्रीच्या पाळीत हे झालं तर सकाळी वासावरूनच कळतं. (आणि कृपा करून डीओ स्वतः टाकायला जाऊ नका. दर हंगामात त्यात माणसं जातात.)

मोटर भरून आली की एक तपासणी स्वतः करा. चालू मोटरवर स्टार्टरला येणाऱ्या तिन्ही वायरींचे अँपिअर लिहून घ्या. समजा १३, १४ आणि १७ आले. मग पेटीच्या अलीकडून सप्लाय पूर्ण बंद करा, बंद झाल्याची खात्री करा, आणि स्टार्टरच्या इनकमिंगला तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा: पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या, तिसरी पहिलीच्या. फक्त दोनच बदलू नका, मोटर उलटी फिरेल. परत चालू करून मोजा. १७ हा आकडा त्याच लाइनच्या वायरीबरोबर गेला तर दोष सप्लायमध्ये. तो स्टार्टरच्या त्याच टर्मिनलवर राहिला तर दोष स्टार्टरमध्ये, केबलमध्ये किंवा मोटरमध्ये. लाइनमनशी वाद घालण्यापेक्षा हे दोन कागद त्याच्यापुढे ठेवा.

त्यानंतर सहा वायरींवर एकेक करून टोंग टेस्टर लावा. सगळ्यांत लाइनच्या ५८ टक्क्यांच्या आसपास करंट दिसला पाहिजे. एका जोडीत शून्य दिसलं तर मोटर लगेच बंद करा, चार काळ्या गटांची गोष्ट परत सुरू झालीय.

व्होल्टेजबद्दल वाइंडर अगदीच चुकीचा नाही, पण 'कमी' यापेक्षा 'असमान' जास्त मारतं. तिन्ही फेज-टू-फेज व्होल्टेज घ्या. समजा ४१०, ३९५, ३७२. सरासरी ३९२, सगळ्यात दूरचा आकडा सरासरीपासून २० व्होल्ट लांब, म्हणजे ५ टक्के असमतोल. ढोबळ नियम असा की असमतोलाच्या टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट केली की वाइंडिंगच्या तापमानवाढीत किती टक्के भर पडेल ते मिळतं. ५ चा वर्ग २५, दुप्पट ५०. मोटर जेवढी तापायची त्याच्या दीडपट तापणार. आणि इन्सुलेशन १० अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ५ टक्क्यांच्या वर असमतोल असेल तर मोटर चालवूच नये.

ऑटोस्विच (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा) लावलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर काढा. लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, प्रत्येक मोटर सुरुवातीला कित्येक पट करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, आणि त्या कोसळलेल्या व्होल्टेजवर तुमची मोटर उठायला धडपडत असते. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो: ४१५ चे ३४० झाले की ताकद दोन तृतीयांशच उरते. लाइट दहा मिनिटांत चार वेळा ये-जा झाली तर चार स्टार्टची उष्णता एकावर एक साठते. महावितरण ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा म्हणून कानीकपाळी ओरडत असतं, त्यात तथ्य आहे.

व्हीएफडीबद्दल माझं स्पष्ट मत: तुमच्या जागी नको. त्याचे गुण मान्य आहेत. तो आलेल्या तिन्ही फेजचं डीसी करून स्वतःचे तीन फेज बनवतो, त्यामुळे लाइनचा फेज गेला तरी मोटरला तसा जाणवत नाही, आणि सुरुवातीचा झटकाही नाही. पण असमान व्होल्टेजवर त्याच्या स्वतःच्या डायोडवर आणि कॅपॅसिटरवर ताण येतो. तुमची केबल लांब आहे. डीसी बस ५८७ व्होल्टच्या आसपास, आणि लांब केबलच्या टोकाला त्याचे झटके दुपटीपर्यंत जाऊ शकतात. गावात साध्या इनॅमल वायरने भरलेलं वाइंडिंग ते किती दिवस सोसेल? आउटपुट फिल्टर लावायचा म्हणजे आणखी पैसे. आणि विजेची बचत होईल हे तर विसराच. पंपाचं हेड वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतं. ५० चे ४० हर्ट्झ केले की हेड ६४ टक्क्यांवर येतं. नदीतून चढ मोठा असेल तर पाणी वरपर्यंत पोचणारच नाही, मोटर नुसती पाणी घुसळत बसेल. सोलर पंपात व्हीएफडी असतो तो वेगळ्या गरजेसाठी, ऊन कमी-जास्त होतं म्हणून.

त्याऐवजी तिन्ही फेजचे करंट बघणारा इलेक्ट्रॉनिक मोटर प्रोटेक्शन रिले घ्या. फेज गेला, असमतोल वाढला, ओव्हरलोड झाला, पाणी सुटून मोटर कोरडी चालली (तेव्हा करंट कमी होतो), हे सगळं तो ओळखतो. किंमत एका रिवाइंडिंगपेक्षा जास्त नसते. मात्र त्याचे सीटी (वायरीभोवती बसणाऱ्या, करंट मोजणाऱ्या रिंगा) कुठे बसवताय ते बघा. तिन्ही सीटी मोटरकडे जाणाऱ्या वाइंडिंगच्या वायरींवर बसवा आणि सेटिंग ८.७ च्या हिशोबाने ठेवा, म्हणजे तुटलेली वायरही पकडली जाईल.

करंट सिग्नेचर तुमच्या मोटरसाठी घोड्याला नाल ठोकायला कारखाना काढण्यासारखं आहे. पण तत्त्व सोपं आहे. २८८० फेऱ्या म्हणजे ३००० पेक्षा ४ टक्के कमी, ही स्लिप. रोटरचा बार (आतली सळई) तुटला की करंटच्या फ्रिक्वेन्सीच्या आलेखात ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, दुप्पट स्लिपच्या अंतरावर, म्हणजे ४६ आणि ५४ वर छोटे खांब उभे राहतात. साखर कारखान्यात, सिमेंटमध्ये शेकडो किलोवॅटच्या मोटरींवर याचा खरा उपयोग होतो. तिथे स्लिप एक टक्क्याच्या आसपास असते, त्यामुळे लोडवर जुन्या काट्याच्या अँपिअर मीटरचा काटा सेकंदाला एकदा-दोनदा डोलताना दिसतो, तोच हा दोष. लहान मोटरीत बार क्वचितच तुटतात. तुमच्या मोटरीचं आधी जाईल ते बेअरिंग, आणि ते आवाजावरून तुम्हालाच आधी कळेल.

वाइंडरला दोनच गोष्टी बजावा. जुनं वाइंडिंग भट्टीत किंवा गॅसच्या ज्वाळेत लाल होईपर्यंत तापवून काढू नको. पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर पुढे रिकामीच तापते. आणि तांब्याच्या तारेचा गेज (जाडी) व वेढे मोजून तेवढेच भर. मोटर ताब्यात घेताना ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) निदान ५ मेगाओहम बघा, नव्या भरलेल्या मोटरीला त्यापेक्षा खूप जास्त यायला हवेत. पंपाचा लोड काढून रिकामी चालवता आली तर तिन्ही फेजचे अँपिअर लिहून घ्या, ते एकसारखे हवेत. तोच आकडा पुढच्या वेळी कामाला येईल.

वाइंडिंगचे फोटो, तिन्ही व्होल्टेज, लाइनचे तीन आणि खालच्या सहा वायरींचे अँपिअर इथे टाका. स्टार्टरच्या आतला फोटोही टाका, रिले कुठे बसलाय ते दिसेल असा.