भातुकली पॉलिशला देण्याआधी हंड्याचं बूड बघा

ट्रंकेत आजीची पितळी भातुकली सापडली, तीस-पस्तीस नग आहेत, बऱ्याच भांड्यांवर हिरवं आलंय, दोन वाट्या चिंच-मिठात रात्रभर ठेवल्या तर गुलाबी झाल्या, बाकीची पॉलिशवाल्याकडे देऊ का, लाकडी जातं आणि पोळपाट कशानं पुसू, आणि निम्मी भांडी बहिणीला न्यू जर्सीला पाठवायची आहेत. एवढं सगळं तुम्ही विचारलंय. मी काल रात्री वाचलं आणि झोप उडाली, कारण नेमका हाच गाढवपणा मी करून बसले आहे.

पॉलिशवाल्याचं उत्तर आधी देते: देऊ नका. का ते सांगते, जरा लांबेल.

मी काही धातूतली जाणकार नाही. आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं. वीसेक वर्षं भातुकली जमवते आहे, थोडं वाचलं, थोडं वस्तू जतन करणाऱ्या माणसांना विचारून शिकले आणि बरंचसं नुकसान करून. तेव्हा खाली जे लिहिते ते घरगुती अनुभवाचे बोल समजा. तुमच्याकडे खरंच फार जुनी किंवा मौल्यवान वस्तू असेल तर संग्रहालयातल्या जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. मऊ ब्रश, सुती कापड, कोरडे हात हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

आमच्या आजीच्या भातुकलीत अकरा नग होते. हंडा, कळशी, पाण्याचा बंब, तपेली, परात, झारा, खलबत्ता आणि बारीकसारीक. हंडा माझ्या मुठीएवढा, पण काम मोठ्या हंड्याचंच: बाहेरून मठार दिलेला, म्हणजे हातोडीचे एकासारखे एक ठोके. त्याच्या बुडाशी टोचून नाव घातलेलं होतं, आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं, सुरुवातीला ‘चि.’. लहानपणापासून तो हंडा हातात घेतला होता, पण ते नाव मी एकदाही नीट वाचलं नव्हतं. कशाला वाचायचं? आजीचं नाव घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ठाऊक होतं ते सासरचं. लग्नात आजीचं नाव बदललेलं. हंड्यावर होतं ते माहेरचं.

त्या वर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं करायचं ठरलं. गौरीपुढच्या आराशीत भातुकली मांडायची म्हणून हुरूप आला. पितळ काळंमिट्ट पडलेलं, कोपऱ्यांत हिरवट. पिवळंधमक दिसायला हवं म्हणून मी सगळे नग एका दुकानात नेऊन दिले. दुकानाचं नाव घेत नाही, त्यांच्या लेखी त्यांनी कामच चोख केलं. तीन दिवसांनी आणायला गेले. भांडी अशी चकाकत होती की काल घेतलेली वाटावीत. हंड्यावरचा मठार निम्मा सपाट झालेला. बंबाचा नळ निखळलेला, आणि तो राखाडी लुकणानं परत चिकटवलेला. उलटून बूड पाहिलं तर गुळगुळीत.

“यावर अक्षरं होती हो.”

“ते टोचे होय? गेले ते चाकावर. अहो बाई, लोक पैसे देऊन जुनी नावं काढून घेतात, तुमची फुकट निघाली.”

यावर मी काय बोलणार होते? लोक खरंच काढून घेतात. जुनी भांडी आहेरात फिरवायची असली की आधीचं नाव घासून टाकतातच. त्या माणसाला ‘नाव ठेवा’ असं मी सांगितलं नव्हतं. चूक माझी. तरी नळ लुकणानं चिकटवून वर एक शब्द न सांगणं हे मला आजही पटत नाही, आणि पावतीवर ‘दुरुस्ती’ म्हणून त्याचे वेगळे पैसे लावले होते हे तर मुळीच नाही.

आता आमच्या घरात वाद आहे. आई म्हणते आजीचं माहेरचं नाव द्वारका, मामा म्हणतो गोदावरी. आजीच्या माहेरचं विचारण्यासारखं कुणी उरलेलं नाही. रात्री दिवे घालवून, विजेरी अगदी आडवी धरून मी ते बूड कितीदा तरी पाहिलंय. मध्ये एक ‘र’ कळतो. त्याच्या उजवीकडे एक उभी रेघ आहे. ती वेलांटीची असेल तर मामा बरोबर. पुढच्या ‘का’मधली असेल तर आई. चाकानं तेवढंच शिल्लक ठेवलंय.

म्हणून आज काहीही साफ करायच्या आधी प्रत्येक नग उलटा करा. बूड, काठाची आतली बाजू, कडीजवळची जागा पाहा. उजेड समोरून नको, बाजूनं पडू द्या, ठिपके सावलीनं उठतात. अक्षर दिसलं तर फोटो काढाच, पण फोटोवर विसंबू नका. वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तसा. तो कागद भांड्यासोबत ठेवा.

आता हिरव्याचं. ‘हिरवं आलंय’ म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतात. पहिलं हिरवट-काळपट, घट्ट, नखानं न निघणारं. ते पितळाचं वयच आहे, त्याला हात लावू नका, त्याच्याखाली धातू सुखात असतो. दुसरं मेणासारखं चिकट हिरवं, झाऱ्याच्या भोकांत, कडीच्या खाचेत, पोरींच्या तेलकट हातांचं आणि जुन्या पॉलिशचं साठलेलं. तेलातल्या आम्लाची तांब्याशी गाठ पडून ते होतं. कापसाच्या बोळ्याला थोडं स्पिरिट लावून टिपलं की निघतं. (फक्त पितळावर. लाकडाजवळ स्पिरिट आणू नका, त्यावर खाली येते.) तिसरं घातक. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड. झटकली की पडते आणि चार-आठ दिवसांनी त्याच जागी परत येते. याला इंग्रजीत ब्राँझ डिसीझ म्हणतात, पण पितळालाही होतो. मुळाशी क्लोराइड असतं, म्हणजे बहुतेकदा मीठच. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी धातू खातं, त्यातून परत तेच. कोकणातल्या किंवा मुंबईच्या घरात ट्रंक पडून असेल तर हे फार.

म्हणूनच चिंच-मीठ, लिंबू-मीठ हे रोजच्या वापराच्या भांड्यांना ठीक, जुन्या भातुकलीला नाही. रोजचं भांडं आपण लगेच खळखळून धुतो, पुसतो, परत वापरतो. भातुकलीच्या सांध्यांत, कडीच्या खिळ्याखाली मीठ जाऊन बसतं आणि वस्तू परत ट्रंकेत जाते. पुढच्या पावसाळ्यात पूड हजर.

तुमच्या वाट्यांचा गुलाबीपणा मात्र वेगळा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. रात्रभर आंबटात ठेवलं की वरच्या थरातलं जस्त आधी निघून जातं आणि तांबं मागे राहतं, म्हणून ती तांबूस झाक. गेलेलं जस्त परत येत नाही. पण थर पातळ असतो, घाबरू नका. घासून पिवळं करायला जाल तर आणखी धातू जाईल. वाट्या डिस्टिल्ड पाण्यात, पाणी दोन-तीनदा बदलून, दिवसभर ठेवा म्हणजे मीठ निघेल. मग केस वाळवायच्या यंत्रानं कोमट हवेत सांधे अगदी कोरडे करा. काही वर्षांत काळवंडून इतरांत मिसळतील. माझी एक परात तशीच मिसळली.

भुसभुशीत पूड असलेले नग आधी वेगळे ठेवा. बांबूची काडी टोकदार करून कोरड्यानंच पूड काढा, सुई नको, ओरखडे जातात. मग कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या पावसाळ्याआधी बदला. यापुढची रसायनं जतन करणारे लोक वापरतात, घरी करू नका, मी करत नाही.

बाजारातलं पॉलिश? सणाला समईवर मीही लावते. भातुकलीवर नाही. बऱ्याच पॉलिशांत घासणारी पूड असते, काहींत अमोनियाही. अमोनियाचं पितळाशी जुनं वैर आहे. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत पावसाळ्यात काडतुसांच्या पितळी नळ्या आपोआप तडकायच्या. त्या तबेल्यांजवळ ठेवलेल्या असत आणि घोड्यांच्या लिदी-मुतातला अमोनिया ठोकलेल्या, ताण राहिलेल्या पितळाला चिरत होता. याचं कोडं १९२१ मध्ये सुटलं. भातुकलीसुद्धा ठोकूनच घडवलेली, म्हणून सांगितलं.

कल्हईबद्दल, म्हणजे भांड्याला आतून देतात त्या कथलाच्या थराबद्दल. कुणी म्हणेल, आतून कल्हई करून घ्या म्हणजे सुरक्षित. मोठ्या पितळी पातेल्याला कल्हई हवीच, नाहीतर आमटी कळकते. पण भातुकलीच्या नळाला, तोटीला, कडीला अनेकदा कथील-शिशाचा झाळ दिलेला असतो, म्हणजे ते मिश्रण वितळवून सांधा जोडलेला असतो. कथील २३२ अंशांना वितळतं आणि त्या झाळाचं मिश्रण १८३ च्या आसपासच पाणी होतं. म्हणजे कल्हई बसण्याआधीच सांधा सुटतो. माझ्या बंबाचा नळ असाच गेला. त्या शहाण्यानं न विचारता आतून कल्हई केली होती. आणि हो, शिसं असू शकतं म्हणून नातवंडांना त्यात खरं पोहे-साखर देऊ नका. खोटा स्वयंपाक करू दे.

ठेवायचं कुठे? वर्तमानपत्रात गुंडाळून नको, रबरबँड तर अजिबात नको, गंधकानं काळा पट्टा उठतो. लोकरीचं कापडही नको, तेही गंधकवालं. नव्या प्लायवूडच्या कपाटातून आम्लाच्या वाफा येत राहतात, तेही टाळलेलं बरं. धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड आणि मोकळी जागा. माझी अर्धी भातुकली चक्क स्टीलच्या डब्यांत आहे, घरच्यांना हसू येतं.

लाकडी जातं-पोळपाट लाल-पिवळे, चकचकीत आणि हलके असतील तर सावंतवाडीचे असण्याची शक्यता आहे. चितार आळीत अजून तशी खेळणी मिळतात, जाऊन ताडून पाहा. जुना रंग लाखेचा असेल तर स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर काहीही लागता कामा नये, लाख त्यात विरघळते. करोनात माझ्या वहिनीनं तिच्या मुलीची खेळणी सॅनिटायझरनं पुसली, बाहुलीचा अर्धा चेहरा कापसावर आला. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ, बस. बारीक भोकं आणि खाली ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे, तो नग प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून लांब ठेवा.

जाता जाता, या नादात आणखी नग विकत घ्यायला निघालात तर जुनं म्हणून नवं गळ्यात मारणारे खूप आहेत. खरं वापरलेलं भांडं एकाच जागी झिजतं, कडीखाली, काठाच्या ज्या बाजूला पोरीचा अंगठा बसतो तिथे. आम्लानं काळं केलेलं सगळीकडून सारखं काळं असतं आणि काठ बोटाला धारदार लागतो. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयात जाऊन जुन्या घरगुती वस्तू तासभर बघा, डोळा तयार होतो. कसब्यात तांबट आळीत मठाराचे ठोके ऐकून या.

बहिणीच्या वाट्याचं शेवटी, कारण यात तुम्हाला अडचण येऊ शकते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची अशी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याहून अलीकडची असेल तर शंका आल्यास पुरातत्त्व खात्याचं ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र मागतात. माझ्या आतेभावाचं पार्सल एका कार्यालयात सात आठवडे पडून राहिलं, दर खेपेला नवा अर्ज, आणि शेवटी एक वाटी कमी होऊन घरी परत आलं. मी वकील नाही, नियम आधी नीट विचारून घ्या. पण आजी १९३० च्या आधी खेळली असेल तर माझं मत असं की बहिणीचा वाटा इथेच वेगळ्या डब्यात ठेवा, तिच्या नावाची चिठ्ठी लावून. ती आली की हाताळेल.

तुम्ही टाकलेल्या फोटोत बंबाचा नळ जरा तिरका दिसतोय. सांध्याचा जवळून एक फोटो टाका, झाळ सुटतोय का ते पाहून सांगते. आणि हंडा उलटा करून, खोलीतले दिवे घालवून, विजेरी आडवी धरून बुडाचा एक. ‘चि.’ दिसलं तर तो धुऊ नका, आधी पेन्सिल-कागद घ्या.